गालिचा उखडला तो रविवार

माणिकप्पांनी चाळीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडलं. मुरुडहून मिसरूड फुटायच्या वयात लातूरला आले, गंजगोलाईतल्या एका दुकानाच्या गादीवर बसले, ते म्हातारे होऊनच उठले. मोजताना चार बोटं जास्तच सोडायचे, म्हणून बाया त्यांच्यापुढेच गर्दी करत आणि मालक मनातल्या मनात जळत. मी अण्णाराव, त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. एसटीतून निवृत्त. सकाळी त्यांच्याशी एकदा तरी भांडण झाल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी दुकानात नवा लाल गालिचा अंथरला होता. पुढं मालकाला तो नकोसा झाला आणि त्यानं माणिकप्पांना देऊन टाकला. यांनी तो घरच्या बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवून घेतला आणि वर्षभर आल्यागेल्याला दाखवला. तीस-पस्तीस वर्षांत त्यात किती धूळ मुरली असेल ते महादेवालाच ठाऊक. त्यांची बायको उमादेवी रोज केरसुणी मारून थकायची. मग तिला दमा जडला.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आधी तो गालिचा काढा, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही.

पण फरशी बसवायची तर सिमेंट कालवायला पाणी पाहिजे. गावाला प्यायचं पाणी तेव्हा मिरजेहून रेल्वेनं येत होतं. आमच्या गल्लीत टँकर नवव्या-दहाव्या दिवशी यायचा. तेव्हा मीच म्हणालो, लॅमिनेट बसवा. फळ्या एकमेकींत अडकवल्या की झालं, थेंबभर पाणी लागत नाही. मिस्त्रीही नको, घरच्या घरी करू. माझ्या त्या अकलेचं मला किती कौतुक वाटलं होतं! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मुलगा रेवणसिद्ध चाकूरला नोकरीला रोज जाऊन-येऊन करायचा, रविवारीच मोकळा. रविवार ठरला. खोकी येऊन ओसरीत पडली. उमादेवीनं आदल्या संध्याकाळी सांगितलं, "पूजा झाली की मी अण्णाराव भावजींच्या घरी जाऊन बसते. मगच उखडा. आन् आधी चार तांबे पाणी शिंपडा, धूळ बसंल."

"प्यायला पाणी न्हाई, आन् गालिच्याला पाजू व्हय?" माणिकप्पा म्हणाले.

तिनं पुन्हा विषय काढला नाही. ड्रमच्या तळाशी वीतभर पाणी उरलं होतं, ते तिलाही दिसत होतंच.

रविवारी सकाळी गल्लीत बातमी आली की टँकर दहा वाजता येतोय. टँकर म्हणजे घरातलं झाडून सगळं माणूस रांगेत. माणिकप्पांनी घाई केली. त्याआधी गालिचा बाहेर पडला पाहिजे, नाहीतर रविवार वाया. उमादेवी तेव्हा आतल्या खोलीत पूजेला बसली होती. ते लिंगायत; त्यांच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. त्या घरचा नियम कडक होता, पूजा पुरी होईपर्यंत बसलेल्यानं उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि इतरांनी हाकही मारायची नाही. दाराला पडदा होता. तेवढा पुरेल असं आम्हाला वाटलं.

आम्ही तिघांनी नाकाला रुमाल बांधले. पहिला कोपरा उपटला आणि खोली पिवळी झाली. समोरचा माणूस दिसेना. आतून खोकला ऐकू आला.

रेवण थांबला. "अप्पा, अव्वा खोकायलीय. थांबू का?"

"पूजेत हाय ती. झालंच असंल आता. वढ."

ओढला. चिकटवलेला गालिचा फाटत निघायचा आणि प्रत्येक फाटण्यासरशी नवा लोट उठायचा. खोकला वाढला, मग कमी झाला, मग थांबला. तो थांबला तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. शेवटची पट्टी गुंडाळून आम्ही अंगणात टाकली, हात झटकले, आणि माणिकप्पांनी पडदा सरकवला.

ती भिंतीला टेकून ताठ बसली होती. लिंग तळहातावर, बोटं त्याच्यावर घट्ट मिटलेली. ओठ निळे पडले होते. दवाखान्यात नेईपर्यंत संपली.

त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवूनच पुरतात, तळहातावर लिंग देऊन. हातात वेगळं काही द्यावं लागलं नाही. पाहुणे आले ते डिंकाच्या डागांनी भरलेल्या उघड्या जमिनीवर बसले. महिन्याभरानं रेवणनं एकट्यानं फळ्या बसवल्या. चांगल्या बसल्या. धूळ औषधालासुद्धा सापडत नाही.

लोक म्हणाले, तिचं नशीब. मी नशीबबिशीब मानत नाही. माणिकप्पा एकदाच माझ्याशी त्याबद्दल बोलले. "अण्णाराव, म्या नुस्तं 'उमा, ऊठ' म्हणलो असतो, तर महादेव लई रागावला असता व्हय?"

खोकला मीही ऐकला होता. मी मराठा, त्यांचा नियम मला लागूही नव्हता. हाक मला मारता आली असती. मी गालिचा ओढत राहिलो.

आता माणिकप्पा रोज सकाळी बैठकीतच पूजेला बसतात आणि रोज मधेच उठतात. लिंग मुठीत धरून आतल्या खोलीचा पडदा सरकवतात.

"अप्पा, कुणी न्हाई खोकलं," रेवण म्हणतो.

ते मान हलवतात, आणि तरी आत जाऊन बघून येतात.