झिरो नंबरचा चष्मा
परवा कपाटात चष्म्याची रिकामी डबी सापडली आणि अकरावीचं वर्ष आठवलं. ‘जगायचं नाही’ असं मी वहीत लिहिलेलं आईनं वाचलं आणि मला ओतूरला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. स्टँडवर शेजारच्या काकूंनी हटकलं, तेव्हा आई म्हणाली, “हिचं डोळं तपासायला चाललोय.” “मरावंसं वाटतं का?” डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं. असं विचारता येतं याचंच मला नवल वाटलं, आणि मी घडाघडा बोलत सुटले. येताना आईनं थाप खरी करायला झिरो नंबरचा चष्मा घेतला. आठवड्यानं काकू हळूच म्हणाल्या, “त्या डोळ्याच्या डॉक्टरनी काय इचारलं गं? आमच्या पोरीला न्यायचंय.” त्यांची पोर तर लांबून एसटीची पाटी वाचायची. मी चष्मा काढून त्यांच्या हातात ठेवला. पुढं तो आणखी कुणाकुणाच्या नाकावर ओतूरला गेला असेल?