पाणी खारं आहे, असं मी म्हणालो

महाडच्या बाजारातल्या एका हॉटेलात मी मिसळ खात बसलो होतो. टेबलावरचा जग रिकामा होता म्हणून वाढप्याला हाक मारली. तो आला, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "पानी खारं हाय सायब. चालंल का?"

शेजारच्या बाकावरचे तिघे हसले. एकाला ठसका लागला. मी अर्धी मिसळ तशीच टाकून उठलो.

त्याने असं का विचारलं, हे सांगायचं तर स्वतःची लाज सांगावी लागते. तीच सांगतो.

खाडीत बेकायदा जाळी लावणाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या सरकारी पथकात मी काम करतो. वय पन्नाशीच्या पुढे गेलं आहे. गाव मात्र खाडीचं नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा घाट लागतो, त्याच्या अंगाला वर, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर आमची वाडी आहे. म्हशी, शेळ्या आणि पोटापुरती नाचणी. मोठा झाल्यावरही कित्येक वर्षं मी होडीत पाय ठेवला नव्हता. पण पाण्याची चव मला कळते. आमच्या वाडीला तीन झऱ्यांचं पाणी. घरात आलेल्या कळशीतला एक घोट घेऊन वडील सांगायचे, हे कातळातलं, हे उंबराखालचं, हे देवराईतलं. ते कधी चुकले नाहीत. पुढे पुढे मीही चुकेनासा झालो.

नोकरीत ही जीभ कामाला आली. सावित्री नदी महाडच्या खाली खाडी होते. पण कुठल्या वळणावर होते, ते ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यानंतर गोडं पाणी खाली दूरवर जातं, उन्हाळ्यात खारं वर चढतं. आमच्या कचेरीत हिशेब सरळ होता. खारं पाणी जिथवर पोचतं तिथवर आमचा कागद चालतो, त्याच्या वर नदी, तिथे आमचा अधिकार नाही. पाणी तपासायचं यंत्र होतं, पण ते बहुतेक वेळा कपाटात असायचं. साहेब गमतीने म्हणायचे, "यंत्र कशाला? आपल्याकडे पोलादपूरची जीभ आहे." मला ते आवडायचं.

काठावरच्या लोकांचीही एक रीत होती. वरच्या वस्तीचे आणि खालच्या वस्तीचे लोक मासेमारीच्या जागेवरून भांडले की दोन्हीकडचा एकेक माणूस होडीत बसतो, त्या जागी जातो, ओंजळभर पाणी पितो आणि खारं की गोड ते सांगतो. घोट गिळून जो बोलला, त्याच्याशी पुढे कोणी वाद घालत नाही. मी हे ऐकून होतो. मनात हसतही होतो.

कायदा चुकीचा आहे असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. मच्छरदाणीसारखं बारीक जाळं खाडीत लावलं की बोटाच्या पेराएवढी पिल्लंसुद्धा त्यात मरतात. ती मोठी झाली तर उद्या त्याच लोकांना मासा मिळेल, हे मी शंभर वेळा सांगितलं असेल. ऐकून घेणारा एकही भेटला नाही. आम्हाला बघितलं की बायका दारं लावून घ्यायच्या. इंजिनाच्या टाकीत कोणी तरी वाळू टाकली. आमच्या होडीचा दोर तर दोनदा कापला.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी चिखलात रुतलो. ओहोटी लागलेली, होडी काठापासून लांब. मी घाईने उतरलो आणि मांडीपर्यंत आत गेलो. खालच्या वस्तीतली एक म्हातारी तिथे जाळं सुकवत होती. नवरा-बायको दोघंच राहायची, होडी एक, जाळं एक. ती ओरडली, "अगो या गो बघाया, डोंगरातली शेळी खाडीत उतरली!"

वस्ती गोळा झाली. कोणी हात दिला नाही. "बॅ कर रे सायब, बॅ कर, मंग काढतू!" असं एकजण म्हणत होता. शेवटी माझ्याच दोन रक्षकांनी वल्हं धरून मला ओढून काढलं. एक बूट आतच राहिला. कोणी तरी मोबाईलवर ते सगळं घेतलं होतं. चारच दिवसांनी माझ्या मुंबईच्या चुलत भावाने तो व्हिडिओ आमच्या वाडीच्या ग्रुपवर टाकला. खाली रडेपर्यंत हसणारे चेहरे. माझ्या बायकोनेही तो बघितला. तिने मोबाईल उलटा करून ठेवला. ती हसली असती तर बरं झालं असतं.

मार्गशीर्षात कचेरीत तक्रार आली की वरच्या वळणावर बारीक जाळं लागलंय. सकाळी आम्ही होडी घेऊन गेलो. तीच म्हातारी होती. नवरा होडीत मागे बसला होता, ती पुढे उभी. दोन बांबूंच्या मधे जाळं ताणून बांधलेलं.

"जाळं उचला, मावशी," मी म्हणालो. "बारीक आसाचं आहे." जाळ्याच्या एका भोकाला आस म्हणतात. "खाडीत बंदी आहे."

"खाडीत हाय ना? ही नदी हाय. खाडी रायली तिकडं, वडाच्या खाली."

"भरती चढतेय, दिसत नाही?"

"दिसतंय रे. पन गोडं पानी चढतंय. खालून खारं ढकलतंय नि वरती गोडं मागं येतंय. तुमच्या डोंगरात पानी येकाच अंगाला जातं, तुला काय कळनार?" नवऱ्याकडे वळून म्हणाली, "शेळीला भरती शिकवाय लागते आता."

माझे रक्षक हसू दाबत होते. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. पाच-सहा पुरुष खाली आले.

"नि ही कोलंबी हाय," ती सांगत होती, "गोड्या पान्यातली. ही येवढीच ऱ्हाते, मोठी व्हतच नाय. मोठ्या आसात ती थांबंल कशी?"

ती खरं बोलत होती. ती कोळंबी मी ओळखत होतो.

मग ती म्हणाली, "पानी चाख. तुझी जीभ लई नावाजलेली हाय ना? घोट घे नि सांग. खारं म्हनलास तर ह्ये जालं तुझं."

होडीतलं पाणी उपसायचं पत्र्याचं डबडं तिने पुढे केलं. मी ते घेतलं नाही. वाकून ओंजळ भरली आणि प्यायलो.

गार होतं. कुजक्या पाल्याचा आणि गाळाचा वास होता. मिठाचा कणही नव्हता. आमच्या वाडीचा ओढा खाली पोलादपूरजवळ याच नदीला मिळतो. तेच पाणी होतं ते. माझ्या घरचं. काठावरचे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला चिखल आठवला, तो बूट आठवला, ग्रुपवरचे हसरे चेहरे आठवले.

"खारं आहे," मी म्हणालो.

कोणी ओरडलं नाही. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. शिव्या आल्या असत्या, दगड आला असता, तर मला बळ मिळालं असतं. तिने फक्त विचारलं, "गिळलंस ना?"

"गिळलं."

"परत बोल."

"खारं आहे."

होडीत मागे बसलेला तिचा नवरा उठला आणि बांबूच्या गाठी सोडायला लागला. माझा रक्षक मदतीला गेला तर म्हणाला, "हात लावू नको, फाटंल." त्याने सगळं जाळं ओढून घेतलं, कोळंबी झटकली, कडा सरळ करून घडी घातली, वरून सुतळीने बांधली आणि आमच्या होडीत ठेवली. जप्तीला कोणी अशी घडी घालून देत नाही.

परत येताना रक्षकाने होडीच्या कडेवरून हात बुडवून बोट तोंडात घातलं. माझ्याकडे बघितलं. मग पंचनाम्याचा कागद मांडीवर घेऊन विचारलं, "खारं पाणी असंच लिहू ना, साहेब?"

"तसंच लिही."

महिनाभराने महाडला आमच्या साहेबांपुढेच सुनावणी झाली. दोघं आली होती. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, त्याने टोपी हातात धरली होती. साहेबांनी तिला विचारलं, "जागा खाडीतली होती की नदीतली?"

ती म्हणाली, "मला काय इचारता? त्यानं घोट घेतलाय. त्याला इचारा."

साहेब माझ्याकडे वळले. एवढी सरळ संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. नदी होती, माझी चूक झाली, एवढं म्हणालो असतो तर ते जाळं त्या दिवशी तिच्या डोक्यावरून घरी गेलं असतं. साहेब रागावले असते, बस. पण पंचनाम्यावर माझी सही होती, आणि खोटं बोललो हे कबूल करण्यापेक्षा मला ते परत बोलणं सोपं वाटलं.

"खाडीतली, साहेब."

ती हसली. चिखलाच्या दिवशीसारखं नाही. नवऱ्याला म्हणाली, "चल. गाडी चुकंल."

सरकारजमा झालेली जाळी कापून टाकायची असतात. ते काम मी कोणाला सांगितलं नाही, स्वतः केलं. सुतळी सोडली तर घडी अजून तशीच होती. मी घडीवरूनच कात्री चालवली. आठ-दहा ठिकाणी त्यांनी हाताने विणून दुरुस्त केलेलं होतं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. पिल्लं वाचली, असं मी मनात म्हणायचा प्रयत्न केला. पण त्या जाळ्यात माशांची पिल्लं नव्हतीच.

त्यानंतर त्या काठावर मला पाणी मिळणं बंद झालं. कुठल्याही दारात मागितलं की आतून आवाज यायचा, "आमच्याकडचं खारं हाय." सरपंचाच्या ओटीवर चहा आला, पाणी आलं नाही. मी घरून बाटली नेऊ लागलो. ती बाटली बघूनही लोक हसायचे. मग महाडचं ते हॉटेल. मग आमच्याच वाडीत, एका लग्नाच्या पंगतीत, जिची मुलगी खाली खाडीकाठी दिली आहे ती बाई तांब्या घेऊन माझ्यासमोर थांबली. "भावजी, पानी वाढू का? खारं हाय पन."

बायको समोरच्या पंगतीत होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "खरं काय व्हतं?"

"गोड होतं."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मला सांगून काय? ज्यांचं जालं गेलं त्यांना सांगा. तुमचा बा असता तर त्यानं तुमाला घरात घेतलं नसतं."

वैशाखात गेलो. एकटाच, एसटीने, कामावरचा शर्ट न घालता. म्हातारी दारात कोंबड्यांना दाणे टाकत होती. नवरा दुसऱ्या कोणाच्या होडीवर रोजाने जात होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मावशी, त्या दिवशी पाणी गोड होतं."

तिने दाणे संपवले, हात झटकले. "इथं नको बोलूस. चल."

मला पुढे घालून ती वळणापर्यंत आली. वाटेत दोघीतिघींना तिने हाक मारली, "चला गो, सायब आलाय पानी प्यायला." काठावर आल्यावर तिने तेच पत्र्याचं डबडं भरलं आणि माझ्या हातात दिलं.

"पी."

प्यायलो. घशाला लागलं. उन्हाळ्यात खारं पाणी आता तिथवर चढलं होतं.

"कसं हाय?"

"खारं."

"बघा गो," ती बायकांना म्हणाली, "आज खरं बोलला." कोणी हसलं नाही.

"मावशी, त्या दिवशी..."

"त्या दिवशीचं आमाला ठावं हाय. आमी जल्मापासून पितो हे पानी. तू आमाला काय सांगतोस? कागदावर खारं लिवलंयस ना? कागदावर गोड लिव. मंग ये पानी मागाय."

ती वळून गेली. डबडं माझ्याच हातात राहिलं. ते मी तिच्या ओट्यावर ठेवलं आणि निघालो.

पाणी गोड होतं, पंचनामा खोटा आहे, असा अर्ज लिहायला मला तीन आठवडे लागले. साहेबांनी तो वाचला आणि पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "जाळं परत येणार आहे का याने? नोकरी जाईल तुमची. म्हातारीला नवीन जाळं घेऊन द्या गुपचूप, मिटवा." जाळ्याचं माझ्याही मनात आलं होतं. पण तिने जाळं मागितलं नव्हतं. मी अर्ज मागे घेतला नाही. आवक खिडकीवर दिला आणि प्रतीवर शिक्का मारून घेतला. चौकशी लागली आहे. पथकातल्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे, कारण माझ्यामुळे त्यांचे सगळे पंचनामे आता लोक खोटे म्हणतात. त्यांचा राग बरोबर आहे.

ती शिक्क्याची प्रत माझ्या पिशवीत आहे. अजून मी तिकडे गेलो नाही, धीर होत नाही. जाईन त्या दिवशी घरून बाटली नेणार नाही.