कृष्णऊर्जेचा लाभ

या शहरातले लोक पाण्याच्या टंचाईबद्दल बारा महिने ओरडतात. अकलेच्या टंचाईची तक्रार मात्र अजून कोणी केलेली नाही. छत्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून माझं एवढं एकच मत पक्कं झालं.

निवृत्तीनंतर हर्सूलच्या आमच्या सोसायटीनं मला व्याख्यान द्यायला सांगितलं. गाढवापुढे वाचली गीता! पण मी हो म्हणालो, ते आक्कासाठी. माझी ही थोरली बहीण पिशोरच्या माळावर मेंढरांमागं फिरली, म्हणून मी शाळेत बसू शकलो. ती नेहमी विचारायची, "तू पोरांला शिकवतूस तरी काय?" मी दर वेळी म्हणायचो, "तुला नाही कळायचं." आता निदान एकदा तिनं मला स्टेजवर बघावं, भावाचा मोठेपणा डोळ्यांनी पाहावा, एवढीच माझी हाव होती.

विश्व कशाचं बनलंय, यावर बोलणार होतो. अध्यक्षांना विषय लिहून दिला: 'कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा'. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आमंत्रण आलं. त्यात माझ्या नावाच्या वर बासरीवाला श्रीकृष्ण, बाजूला मोरपीस आणि खाली 'भाविकांनी लाभ घ्यावा'.

हॉल खच्चून भरला. चपलांचा ढीग बाहेर, बायकांच्या हातात टाळ. आक्कासुद्धा एसटीनं खडीसाखरेची पुडी घेऊन आलेली, देवापुढं ठेवायला. माझं डोकंच फिरलं. मी माइक हातात घेऊन म्हणालो, "इथं कृष्ण म्हणजे काळा. देवाचा काही संबंध नाही. शाळेत थोडं लक्ष दिलं असतं, तर हे सांगावं लागलं नसतं."

अध्यक्ष कानाशी आले. "सर, थोडं देवाचंबी घ्या ना. पब्लिक त्याच्यासाठीच आलीय."

"पब्लिकला काय कळतं?" मी माइकवरच म्हणालो.

पब्लिकला तेवढं मात्र कळलं. दहा मिनिटांत सगळे व्हरांड्यात, प्रसादाच्या पोह्यांपाशी. पहिल्या रांगेत एकटी आक्का उरली, मांडीवर पुडी घेऊन.

मी स्टेजवरून उतरलो, माइक पहिल्या रांगेपुढच्या टेबलावर आपटला आणि तिच्यासमोर बसलो. आता हिला तरी सांगूनच सोडायचं, असा हट्टच धरला. म्हणालो, तारे, माती, मेंढरं, तू, मी, हे सगळं मिळून विश्वाच्या शंभर वाट्यांतले जेमतेम पाच वाटे. आकाशगंगा इतक्या वेगानं फिरतात, की दिसणाऱ्या वस्तूंच्या ओढीनं त्यांतले तारे एकत्र राहिलेच नसते, केव्हाच पांगले असते. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. ते कृष्णद्रव्य. आणि विश्व वाढत्या वेगानं पसरतंय, ते ज्यामुळं, ती कृष्णऊर्जा. सगळ्यात मोठा वाटा तिचाच.

आक्का डोळ्याची पापणी न हलवता ऐकत होती. छत्तीस वर्षांत असा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

"पर ते हाय काय?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"तुला माहीत नाय?"

"कोणालाच नाही. शोध चालू आहे."

"शंभरातलं पंच्याण्णव वाटं कुणालाच ठावं नाय?"

"नाही," मी म्हणालो. आवाज उगाचच खाली आला होता.

आक्कानं पुडी सोडली. देव नव्हताच, म्हणून एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

"जल्मभर मला म्हणलास, तुला नाय कळायचं. मला वाटलं, तुला कळलं असंल." ती रागावली नव्हती, हेच मला जास्त लागलं. "जे कळलं नाय त्याला तुमी नाव ठिवलं. अन् ज्यांला कळत नाय त्यांला नावं ठिवतूस व्हय रं?"

व्हरांड्यात हशा पिकला. टेबलावरचा माइक चालूच होता. त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलेलं ते एकच वाक्य, आणि ते माझं नव्हतं.