याला काहीच लागत नाही

रत्नागिरीत मी सायबर कॅफे चालवायचो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ रोज दुपारी कॉम्प्युटरवर कादंबरी वाचायला येत. पुढचं पान आणायला नुसती कळ दाबायची, पण त्याआधी ते बोट जिभेला लावत. माझा कीबोर्ड कायम ओला.

“घरातल्या पुस्तकांना वाळवी लागली हो,” एकदा म्हणाले. “याला बघा, काहीच लागत नाही.”

तेवढ्यात लाइट गेली.

“वीज लागते,” मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून तीच कादंबरी काढली, वाळवीनं पानोपानी भोकं पाडलेली, आणि दाराशी उजेडात जाऊन बसले. तासाभरानं लाइट आली. मी हाक मारली.

“थांबा हो,” मान वर न करता ते म्हणाले. “तिथं सगळे शब्द आयते मिळतात. इथं भोकांतले माझे मला घालावे लागतात.”