डोलिनाच्या दारची रास

फेब्रुवारीतल्या एका दुपारी चहाचा पेला खाली ठेवता ठेवता डोलिना म्हणाली, "केनेथ, यंदा माझं जळण कापू नका रे."

केनेथ शेजारचा. जन्मभर टपाल वाटलं, म्हणून गाव त्याला टपालच म्हणे. त्याच्या तोंडातलं बिस्किट तोंडातच राहिलं. आमच्या लुईस बेटावर माळावरची काळी ओली माती मे महिन्यात विटांसारखी कापतात, वाऱ्यावर वाळवतात, दारात रास रचतात. आणि ती जळते पुढच्या हिवाळ्यात. यंदा नको म्हणणाऱ्याने पुढचा हिवाळा धरलेलाच नसतो.

"वीज आहे की घरात," डोलिना म्हणाली.

"हो, आणि मी राजाचा जावई," टपाल म्हणाला आणि टोपी उचलून निघून गेला.

डोलिनाने बापाच्या मागावर उभा जन्म लोकर विणली होती. लग्न केलं नाही. आईचं केलं, बापाचं केलं, आणि कुणाकडून घोटभर पाणी मागून घेतलं नाही. मग आजाराने आधी पाय धरले. मागाच्या पावट्या थांबल्या. नंतर डावा हात गेला आणि आता जीभ जड होत चालली होती. केनेथची बायको मर्डिना रोज सकाळी यायची, तिला उचलायची, न्हाऊ घालायची, केस विंचरायची. डोलिना तेवढा वेळ भिंतीकडे बघत असे.

रेडिओवर एडिंबराच्या संसदेपुढे आलेल्या नव्या कायद्याची चर्चा चाले. बरं न होणाऱ्या माणसाने मागितलं, दोन डॉक्टरांनी सही केली, की मरणाचं औषध मिळणार. ऐकून तिला हायसं वाटलं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, प्रार्थनेत देवालासुद्धा नाही.

मे उजाडला. सकाळीच दारात ट्रॅक्टर थांबला. दार वाजवायची पद्धत आमच्याकडे नाहीच. टपाल दोन माणसं घेऊन थेट आत आला. त्यांनी तिला चाकाच्या खुर्चीसकट उचललं, ट्रॉलीत ठेवलं आणि बाजाराला न्यायच्या मेंढीसारखं दोरीने बांधलं.

"मी नको म्हटलं होतं!"

"ऐकलं होतं. सगळ्या गावाने मिळून ठरवलं, तुझं ऐकायचं नाही."

माळावर निम्मं गाव जमलं होतं. किटली चढली होती. एकाने कापायचं, दुसऱ्याने खालून झेलून वर फेकायचं. बाप कापायचा तेव्हा फेकायला डोलिना असायची, आणि तिच्यासारखी फेक गावात कुणाची नव्हती. आज मर्डिना फेकत होती. डोलिनाने बराच वेळ सोसलं. मग तिच्याने राहवेना.

"मर्डिना, अगं पाहुण्यांना चहासोबत स्कोन वाढतेस का? जोरात फेक!"

जड जिभेने आलेले शब्द, तरी माळभर ऐकू गेले. सगळे खदखदून हसले. सगळ्यात जास्त हसली ती चिखलाने माखलेली मर्डिना.

जुलैत वाळलेलं जळण दारात आलं, रास रचली गेली. डोलिनाला बघायला बाहेर आणलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "पाडा."

"काय?"

"माझ्या बापाच्या दारात बाहेरची ओळ कायम तिरकी असे. माशाच्या काट्यासारखी. ही सरळ रचलीय. पाडा."

घाम पुसत टपाल पुटपुटला, "मरायला निघालेल्या बाईचे थाट बघा."

बोलून गेला आणि जागीच गार पडला. मर्डिनाने हातातली वीट त्याच्या डोक्यात घातली नाही एवढंच.

"निघाले होते," डोलिना म्हणाली. "आता नाही. तिरकी लाव."

रास पाडली आणि पुन्हा रचली.

पुढे कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला समिती बसली. मी जाणार, असं डोलिनाने स्वतःच सांगितलं. ती बोटीने समुद्र ओलांडून एडिंबराला गेली, सोबत मर्डिना. डोलिनाचं बोलणं परक्याला कळेना. मग आमच्या चर्चमध्ये एकाने स्तोत्राची ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी उचलायची, तशी मर्डिना तिचं एकेक वाक्य उचलू लागली.

समितीतले गृहस्थ सभ्य होते. "बाई, सक्ती कुणावरच नाही. ज्याला हवं त्याच्यासाठीच हे आहे."

"फेब्रुवारीत मला हवं होतं," डोलिना म्हणाली. मर्डिनाने उचललं. "दोन नाही, चार डॉक्टर आले असते तरी मी शहाण्यासारखं बोलून सह्या मिळवल्या असत्या. माझं दुखत नव्हतं हो. दुखण्याला औषध आहे माझ्याकडे. मला मर्डिनाकडून करून घ्यायची लाज वाटत होती. रोज सकाळी."

ही ओळ मर्डिनाला उचलता येईना. तिला हे ठाऊकच नव्हतं.

"उचल," डोलिना म्हणाली.

मर्डिनाने उचलली. शब्द एकही गाळला नाही.

"कायदा असता तर मे बघायला मी नसते," डोलिना पुढे म्हणाली. "आणि ज्याला माझ्या शेजाऱ्यांसारखे शेजारी नाहीत, त्याचं काय? आमच्या बेटावर रात्रीला नर्स नाही. आधी ती पाठवा. मग मला विचारा, जगायचंय का."

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

घरी परतताना वळणावरूनच तिला आपल्या धुराड्यातून धूर दिसला. टपालने चूल पेटवून ठेवली होती, बटाटे शिजत होते, खारवलेला मासा तयार होता. त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मर्डिनाचे डोळे अजून लाल होते, मान मात्र ताठ.

"काय म्हणाले?"

"ऐकलं त्यांनी. पुढचं त्यांचं ते बघतील."

जेवणाआधी त्याने देवाचे आभार मानले, नेहमीपेक्षा जरा लांबच. मग बटाटा सोलत, तिच्याकडे न बघता विचारलं, "मग पुढच्या मेमध्ये जळण कापायला कुठून सुरू करायचं?"

"उत्तरेकडून," डोलिना म्हणाली. "आणि फेकायला मर्डिना नको."