सुपातला शिधा

शाळेतल्या त्या गाण्याच्या बहनजी वारल्याचं मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते, आणि ते ऐकूनही निवडत राहिले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी बोलू नये. मला त्या बाईंचा राग होता आणि आहे. वय झालं म्हणून माझा कुठलाच राग मवाळ झालेला नाही, मग हाच का व्हावा?

गोष्ट एकोणीसशे साठनंतरच्या वर्षांतली, मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या मुलींच्या शाळेतली. मी सहावीत होते. शाळा सुटल्यावर आम्हाला आणखी एक तास थांबावं लागे. मुलींचा सर्वांगीण विकास व्हावा, असं वर कुठंतरी कुणाच्या मनात आलं होतं, आणि तो विकास घंटा झाल्यावर करायचा होता. गाणं, भरतकाम, खो-खो आणि बागकाम असे चार गट होते. ज्या मुलीला जे आवडेल ते तिनं निवडावं, असं प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरीणबाईंनी सांगितलं. प्रत्यक्षात निवडलं बहनजींनी. तिकडं मास्तरणीला बहनजीच म्हणतात. वकिलाची मुलगी, डॉक्टरची मुलगी, तांदळाच्या गिरणीवाल्याची मुलगी गाण्यात गेल्या. आमच्या वॉर्डातल्या बौद्धांच्या आम्ही सगळ्या पोरी बागकामात. तसं कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, आमची आडनावं वाचून झाली होती.

बाग तरी कसली? चार झेंडू आणि एक कोथिंबिरीचा वाफा. आम्ही विहिरीवरून पाणी आणायचं, कोथिंबीर उगवली की ती हेडमास्तरीणबाईंच्या घरी जायची. आमचा असा विकास चालला होता आणि शेजारच्या खोलीत हार्मोनियम वाजत होती.

ढोलकी गिरणीवाल्याच्या मुलीकडं होती. ती भाकरी थापल्यासारखी वाजवायची, आणि ती भाकरीसुद्धा गोल झाली नसती. मला ते ऐकवत नसे. आमच्या वॉर्डातल्या विहारात, म्हणजे तेव्हाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, संध्याकाळी वंदना झाल्यावर गाणी व्हायची आणि ढोलकीवर माझे बाबा असायचे. त्यांच्या मांडीला मांडी लावून मी शिकले. कुणी मला बस म्हटलं नव्हतं, ऊठ असंही कुणी म्हटलं नाही.

एकदा खिडकीखाली झेंडूला पाणी घालून झालं, आणि आत गाण्याचा ठेका पुन्हा घसरला. मी रिकामी बादली पालथी केली आणि तिच्यावर ठेका धरला. आतल्या पोरींना कळलंच नाही. त्या ढोलकी सोडून माझ्या बादलीवर गाऊ लागल्या. कडवं संपलं तेव्हा बहनजी बाहेर आल्या.

"कुणाची गं तू?" त्यांनी विचारलं. त्या नागपूरकडच्या, मराठी मुलींशी मराठीत बोलायच्या. मी आडनाव सांगितलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "तुम्हा लोकांच्या हातातच असतं ते. उद्यापासून आत येऊन बस, जलशात ढोलकी तूच वाजव."

मी ती शाबासकी समजले. घरापर्यंत उड्या मारत गेले.

बाबा रेल्वेत गँगमन होते. त्यांचं गाव लालबर्ऱ्याकडचं. तिथं आमच्या घराकडं गावातल्या लग्नाकार्यात डफडं वाजवायचं काम होतं. बोलावणं आलं की निघायचं. अंगात ताप आहे, घरात बाळंतीण आहे, असलं काही चालत नसे. दीक्षा घेतल्यावर आमच्या सगळ्या घरांनी डफडी चुलीत घातली. मग गावानं विहीर बंद केली, शेतावरची वाट बंद केली, आणि बाबा आईला घेऊन बालाघाटला आले. विहारातली ढोलकी आपली होती, आपल्यासाठी होती. दुसऱ्याच्या दारात मात्र हात चालवायचा नाही, हे आमच्या घरात पक्कं होतं. त्यामुळे मी जेवताना बातमी सांगितली तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"काहून बोलावलं तुले?"

"ढोलकी वाजवाले. शाळेचा जलसा आहे."

"आपन सोडलं ते."

आई म्हणाली, "शाळेत बोलावलं, कोनाच्या लग्नात नाई. जाऊ द्या तिले."

बाबांनी घास परत ताटात ठेवला. मी ताटाकडं बघत बसले. मला गाण्याच्या त्या खोलीत बसायचं होतं. आयुष्यात मला तोवर एवढं काही हवंसं वाटलं नव्हतं, आणि नंतरही थोड्याच गोष्टी वाटल्या.

"त्या पोरी कायच्यावर बसतेत?" बाबांनी विचारलं.

"दरीवर." तिकडं सतरंजीला दरी म्हणतात.

"तू त्याच दरीवर बसशीन. खाली नाई, बाजूले नाई. त्या गानं शिकून राह्यल्या, तू ढोलकी शिकून राह्यली. तसं असन तर जाय."

आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना ते स्वतः शाळेत जाऊन बहनजींना हे सांगून आले. बहनजी हसल्या म्हणे. "अहो, शाळेत कसला आलाय भेदभाव?" असं म्हणाल्या. बाबा खूश होऊन घरी आले. माझे बाबा सहसा कुणावर विश्वास ठेवत नसत, पण शिकलेल्या माणसावर ठेवत. ही त्यांची जन्माची खोड.

तर मी दरीवर बसले. दरीच्या शेवटच्या टोकाला का होईना, पण दरीवरच. मला त्या तासाची इतकी ओढ होती की वर्गात दुपारपासून बोटं बाकावर चालायची. बहनजी वकिलाच्या मुलीला एकेक ओळ दहादा गाऊन दाखवायच्या. तिचा आवाज नाकातला आणि नाकानंच कांदे सोलायची सवय, तरी बहनजींनी तिला कधी कंटाळा दाखवला नाही. सूर म्हणजे काय, सम म्हणजे काय, कुठं श्वास घ्यायचा, सगळं सांगायच्या. मला काही सांगायच्या नाहीत. सुरुवातीला मला त्याचा अभिमान वाटे की आपल्याला शिकवावं लागत नाही. एकदा मी विचारलं, "बहनजी, हा जो मी वाजवते त्या तालाचं नाव काय?"

"तुला नावाशी काय करायचंय?" त्या म्हणाल्या. "तू वाजव."

शाळेत होते मी. विकासाच्या तासाला बसले होते. आणि मला एका तालाचं नाव मिळालं नाही. ते मी पुढं कितीतरी वर्षांनी रेडिओवरून शिकले. ढोलकीला त्या स्वतः हात लावत नसत. कपाटातून ती काढायची असली की मला हाक मारत. कातडं असतं ना तिला. हार्मोनियमवर मात्र भरतकाम केलेलं झाकण होतं, ते त्या स्वतःच्या हातानं घडी घालून ठेवत.

जलसा शाळेच्या मैदानावर झाला. बाबा धुतलेला खाकी सदरा घालून आले होते. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ते मागं उभे राहिले. ते पहिल्यांदाच माझ्या शाळेत कार्यक्रम बघायला आले होते. मी वर चढले, दरीवर बसले, आणि मान उंच करून त्यांना शोधलं. त्यांनी मला दरीवर बसलेलं पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. त्यांना बरं वाटलं की ते असे उभे राहत.

मी छान वाजवलं. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण दुसरं कुणी हे सांगणार नाही. वकिलाची मुलगी दुसऱ्या कडव्यात चुकून लवकर आली. मी ठेका आवरून तिला सांभाळून घेतलं, आणि टाळ्या तिला पडल्या. पडू देत.

मग बक्षिसं. एका मोठ्या साहेबांच्या पत्नी आल्या होत्या. गाण्याच्या गटातल्या मुलींना त्यांच्या हातून एकेक फाउंटन पेन मिळणार होतं. मुली रांगेनं उभ्या राहिल्या, मीही शेवटी उभी राहिले. बहनजींनी बाजूनं मला खुणावलं.

"तू मागं ये. तुझ्यासाठी वेगळं ठेवलंय."

पडद्यामागं जमिनीवर एक सूप ठेवलेलं होतं. त्यात तांदूळ, तुरीची डाळ, गुळाचा खडा, एक नारळ, आणि नारळावर हळदीकुंकू. त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं नाही, बोट दाखवलं.

"घरी सगळ्यांना होईल," त्या म्हणाल्या. "पेनानं काय पोट भरतं?"

मी सूप उचललं आणि निघाले. मला आनंदच झाला होता. त्या पोरींना बोटभर पेन आणि माझ्या दोन्ही हातांत मावत नाही एवढं बक्षीस. मी फाटकाशी पोचले तेव्हा बाबा तिथंच वाट बघत उभे होते. त्यांनी सुपाकडं पाहिलं.

"हे काय होय?"

"बक्षीस."

"सगळ्यायले हेच देल्लं?"

"नाई. त्यायले पेन."

बाबांनी सूप माझ्या हातातून काढून घेतलं. लोक घरी निघाले होते, आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते.

"वाजंत्र्याले पंगतीत बसवत नाईत," बाबा म्हणाले. "लगन आटोपलं का मांडवाच्या बाहीर सुपात शिधा देतेत. तांदूळ, डाळ, गूळ, वर नारळ. तुह्या आज्याले हेच देत होते. घेतला का रामराम करून निंघाचं."

आणि ते वळले, तसेच शाळेत. मी मागं धावले.

पाहुणे गेले होते. व्हरांड्यात बहनजी आणि आणखी दोन मास्तरणी चहा पीत बसल्या होत्या. बाबांनी सूप पायरीवर ठेवलं.

"हे परत आनलं, बाई."

बहनजींचा चेहरा पडला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे मी आजही कबूल करते, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आहे. दुष्टपणानं दिलं असतं तर निदान त्यांना कळलं असतं आपण काय दिलं ते. त्यांच्या घरी वाजवणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या हेच देत आले होते, आणि त्यांनी ते भरपूर, हात न आखडता दिलं होतं.

"अन्नाला नाही म्हणू नये हो," त्या म्हणाल्या. "मी चांगल्या मनानं दिलं."

"चांगल्या मनानंच देत होते, बाई. गावातबी."

एका मास्तरणीनं कप खाली ठेवला. मग बहनजी सावरल्या. त्यांचं काम अडलं होतं.

"बरं, राग मानू नका. हिला पाठवत जा मात्र. पुढच्या महिन्यात सिवनीला सगळ्या शाळांचा कार्यक्रम आहे. हिच्याशिवाय आमचं अडेल."

"मले काय इचारता?" बाबा म्हणाले. "तिले इचारा."

त्या दिवसापर्यंत त्या शाळेत मला कुणी काही विचारलं नव्हतं. बहनजी माझ्याकडं वळल्या. "काय गं, येशील ना?"

सिवनी. मी बालाघाटच्या बाहेर लालबर्ऱ्यापलीकडं कधी गेले नव्हते. बस असणार, मोठं स्टेज असणार, दुसऱ्या शाळांच्या ढोलक्या ऐकायला मिळणार. मला जायचं होतं. बाबा माझ्याकडं बघत नव्हते, पायरीकडं बघत होते.

"मले पेन द्या," मी म्हटलं. "मंग येतो."

"अगं, पेनं गाणाऱ्या मुलींसाठी होती."

"मीबी त्याच गटात आहो."

बहनजी हसल्या. रागानं नाही. लहान मुलाला साधी गोष्ट समजावून सांगावी तशा म्हणाल्या, "वेडी आहेस का? वाजवणाऱ्याला कुणी पेन देतं का?"

"मंग नाई येत."

"बघ हं. मग बागेतच जावं लागेल परत."

"जाईन."

आम्ही निघालो. सूप पायरीवरच राहिलं. वाटेत बाबांनी माझा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही. रस्त्यात भेटेल त्याला ते थांबून रामरामऐवजी जयभीम म्हणत होते, नेहमीपेक्षा मोठ्यानं. घरी आल्याबरोबर त्यांनी आईला सगळं सांगितलं, शेजारच्यांनाही बोलावून सांगितलं. "पोरीनं आज नाव राखलं," ते म्हणाले. शेजारच्या काकूंनी माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. आईनं ताट वाढलं. मी म्हटलं, मला भूक नाही. सगळ्यांना वाटलं, पोरीला बाईचा राग आलाय, येणारच. राग होताच. पण मला सिवनीला जायचं होतं, आणि त्या घरात त्या संध्याकाळी हे सांगण्यासारखं एकही माणूस नव्हतं.