वैशालीची सहा टेबलं

बसने कडा गाव मागे टाकलं तेव्हा ऊन चढलं होतं आणि पर्समधलं पाकीट मी तिसऱ्यांदा चाचपून पाहिलं. पुण्यातल्या एका हॉटेल कंपनीत माझं काम फिरतीचं. शिकलेली, पगारदार माणसं कुठे वाढताहेत, निवांत बसून खायचं महागडं जेवण तिथे चालेल का, हे पाहायचं. या खेपेला आणखी एक काम होतं. पूर्वी आमच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात असलेल्या वैशालीने चार वर्षांपूर्वी अंबाजोगाईत सहा टेबलांचं रेस्टॉरंट काढलं होतं. तिला परत आणायचं होतं. पाकिटात नेमणुकीचं पत्र होतं.

तेलगावला बस चहासाठी थांबली. शेजारच्या सीटवर साखर कारखान्यातले एक तरुण केमिस्ट होते. अंबाजोगाईत चांगलं जेवण कुठे मिळतं, असं विचारताच ते खुलले.

"वैशाली मॅडमकडं. बायकोच्या वाढदिवसाला गेलतो. लई भारी! एकेक पदार्थ आणून सांगत्यात, हे काय हाय, कुठलं हाय." मग म्हणाले, "आता जाणं व्हायचं न्हाई. कोल्हापूरकडं नोकरी लागली."

मी वहीत नोंद केली.

अंबाजोगाईत रिक्षावाल्याला 'हॉटेल' म्हटलं, तर त्याने भज्यांच्या कढईपुढे आणून सोडलं. तिथून विचारत विचारत चालत पोचले तेव्हा एक वाजून गेला होता.

"ताई! कळवलं कावून न्हाई?" वैशालीने हात धरून बसवलं. आधी माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) लहानशा वाटीत आलं. मग येसराची आमटी (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची), धपाटं, लोण्याचा गोळा. पुण्यात मी इतकं नेटकं जेवण क्वचितच जेवले असेन. सगळी टेबलं भरलेली, पण करणारी तीच आणि वाढणारीही तीच.

"एकटीच?"

"दोघं होते. नितीन आन् सचिन. चाकू धरण्यापासून शिकवलं. आता पुण्याला हायेत."

पुण्यात माणसं कमी पडली तेव्हा दोघांच्या मुलाखती मीच घेतल्या होत्या. आधी कुठे काम केलं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"वैशाली, ते आमच्याकडे आहेत. मीच घेतलं."

"ठाऊक हाय. फोन केलता त्यांनी. खूश हायेत." ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

आतून करपल्याचा वास आला. ती धावली, मागोमाग मीही हात धुऊन गेले. दोन तास ओल्या फडक्यावर धपाटी थापत होते. पहिलं तव्यावर टाकताना फाटलं, तेव्हा ती हसली.

चारला शेवटचं टेबल उठलं. पत्र द्यावं की तसंच परत न्यावं, ठरत नव्हतं. शेवटी दिलं. ओट्याला टेकून तिने ते दोनदा वाचलं.

"दर शनिवारी डॉक्टरांची दोन घरं यायची. बदली झाली त्यांची. आता परत नवीन माणसं शिकवायची मी, आन् न्यायची तुमी. त्यापरीस मीच येते की."

"नीट विचार कर," मी म्हणाले.

"मग पत्र कशाला आणलंत, ताई?"

मी ओट्यावरचं ओलं फडकं पिळून वाळत घातलं.

परतीच्या प्रवासात झोप लागली नाही. दरवेळी मी फक्त पाहायला जाते, असं इतकी वर्षं समजत होते. अहवालात एक रकाना होता: या गावात कुशल माणसं आहेत का? मी 'होती' असं लिहिलं. साहेबांनी ते खोडून 'नाहीत' केलं.

वैशाली सोमवारी रुजू झाली. मी अजून स्वयंपाकघराकडे फिरकलेले नाही.